हातांकडे बघून वाढायचं

जसवंत मॅडमचा स्वतःचा कप नव्हता. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये खिडकीशेजारी एक लाकडी फळी आहे. तिला ओळीने हूक आहेत, प्रत्येक हुकाला एक कप आणि प्रत्येक कपावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं नाव. मॅडम मधल्या सुट्टीत येत, हाताला लागेल तो कप घेत, चहा पीत, कप विसळून मोकळा दिसेल त्या हुकाला अडकवत. त्यामुळे रोज कोणाचा ना कोणाचा कप सापडत नसे.

"मारो कप क्यां गयो?" गुजरातीच्या आरतीबेन विचारायच्या.

"चाय मेरे पेट में गयी है," जसवंत मॅडम म्हणायच्या. "कप बाहर ही होगा. ढूँढ लो."

शेवटी फळीच्या वर एक छापील कागद लागला, 'कृपया आपलाच कप वापरावा.' मॅडमनी तो चष्मा लावून वाचला आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "म्हणजे इथं कोणीतरी दुसऱ्याचा वापरतंय. कोण असंल गं?"

सूचना दिसली की ती उलटी वाचायची, ही त्यांची सवय होती. इतिहास शिकवत होत्या म्हणून असेल. किंवा उलट, ही सवय होती म्हणून इतिहास शिकवत असतील.

शाळा या गुजराती शहरातल्या पर्वत पाटियाच्या पुढे आहे. बाहेर साड्यांची पार्सलं वाहणारे टेम्पो दिवसभर उभे असतात. वर्गात साडीच्या दुकानदारांची मुलं असतात आणि लूमवर काम करणाऱ्यांचीही, दोन्ही एकाच रंगाच्या गणवेशात. मी तिथे लागले तेव्हा जसवंत मॅडमना निवृत्त व्हायला जेमतेम वर्ष उरलं होतं. ठेंगण्या, फिकट रंगाचा सलवार-कमीज, दुपट्टा खांद्याला पिनेने घट्ट. डाव्या मनगटावर पुरुषांचं घड्याळ, उजव्या मनगटात लोखंडी कडं. वर्ग गप्प करायला त्या ओरडत नसत. कडं टेबलावर दोनदा आपटत. टक, टक. तेवढं पुरायचं.

आमची पहिली भेट जिन्यात झाली. मी आईशी फोनवर बोलत होते. "हो, जेवले. हो, डबा संपवला," असं म्हणून मी फोन ठेवला, तर मागून आवाज आला.

"आईशी खोटं कामून बोलायलीस? डबा तर टेबलावर तसाच आहे."

मी वळून बघितलं. एक शीख बाई मराठीत बोलत होती. मी विचारलं, "तुम्हाला मराठी येतं?"

"नांदेडची आहे मी. मला येतं. तुला कितपत येतं ते बघावं लागंल. नाव काय?"

"पाटील."

"ते वडलांचं झालं. तुझं?"

"स्नेहल."

"जा, डबा खा स्नेहल."

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. घरी आई-पप्पा मराठी बोलतात, जळगावकडचे नातेवाईक आले की अहिराणी, बाहेर गुजराती आणि हिंदी. या सगळ्या भाषांमध्ये मला नीट येते ती एकच गोष्ट, गप्प बसणं. मॅडमना ते चाललं. त्या बोलायच्या, मी ऐकायचे. शिवाय ते माझं कामच होतं. आमच्याकडे नव्या टीचरने पहिलं वर्ष एका सीनियर टीचरच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं असतं आणि जे दिसेल, ऐकू येईल ते एका वहीत लिहायचं असतं. मला सातवीच्या इतिहासाला बसवलं होतं. मॅडमची वाक्यं जशीच्या तशी मला सांगता येतात ती त्या वहीमुळे.

शाळेत आणखी एक कप होता. तो फळीवर नव्हता. स्टाफरूमच्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, गजाला तारेने अडकवलेला स्टीलचा कप, एका अंगाला चेपलेला. तो रेवाबेनचा. रेवाबेन शाळेचे संडास-बाथरूम धुतात. चहा उरला की त्यांनी खिडकीबाहेरून कप पुढे करायचा आणि आतून कोणीतरी गजांमधून, जरा उंचावरून, चहा ओतायचा. मी पहिल्या आठवड्यात ते बघितलं आणि विचारलं काहीच नाही. आरतीबेननीच सांगितलं, गावाकडे अशा भांड्याला रामपातर म्हणतात. एखाद्या भाजीचं नाव सांगावं तसं सांगितलं.

एका दुपारी जसवंत मॅडमनी गजांमधून हात घातला, तो कप काढला आणि त्यात चहा ओतून घेतला. मॅडम उभ्या उभ्या फुंकर मारत प्यायल्या. तेवढ्यात रेवाबेन पोछा घेऊन दाराशी आल्या.

"मॅडम, ए मारो कप छे."

"मालूम है, रेवाबेन."

"तो पाछो मूको. मने पूछ्युं हतुं?"

मला वाटलं होतं रेवाबेनना बरं वाटेल. आरतीबेन हसू दाबत होत्या. मॅडमनी कप घासला, तारेला परत अडकवला आणि म्हणाल्या, "माफ करना."

सुट्टीनंतर जिन्यात मला म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे बघ. मी निघाले शाळेला शिकवायला, नि वस्तू उचलली तिची. या सगळ्यांचे कप घेतले ती मस्करी. तिचा घेतला तर तिला उद्या लोक बोलणार, तू मॅडमला शिकवलंस म्हणून. विचारलं कुठं मी तिला?"

दुसऱ्या दिवसापासून त्या विचारायला लागल्या. रोज मागच्या जिन्यापाशी जाऊन, "रेवाबेन, आपके कप में चाय पीऊँ?"

"ना."

"ठीक है."

हे किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. बरेच दिवस. रेवाबेन कधी 'ना' म्हणायच्या, कधी नुसती मान हलवायच्या, एकदा म्हणाल्या, "तमे थाकता नथी?" मग एक दिवस त्यांनी कप पुढे केला. त्यानंतर दोघी मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यावर बसायच्या. फळीवरचा कोणाचातरी कप रेवाबेनच्या हातात, चेपलेला कप मॅडमच्या हातात. काय बोलायच्या कोण जाणे. बहुतेक गुडघ्यांबद्दल.

जुलैत एका रविवारी मॅडम मला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेल्या. "धर्म शिकवायला नाही नेत. रोट्या लाटायला माणसं कमी आहेत," असं म्हणाल्या. मी ओढणी डोक्यावर घेतली. लाटायला गेले, पण माझ्या रोट्या बघून त्यांनी मला पंगतीत बसायला पाठवलं. लांब सतरंज्यांवर माणसं ओळीने बसलेली होती. माझ्या एका बाजूला कोणाचीतरी आजी, दुसऱ्या बाजूला हाताला डाईचा निळा रंग लागलेला कामगार. मॅडम रोट्यांची टोपली घेऊन येत होत्या. मी ताटावरून एक हात पुढे केला.

"दोन्ही," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढे केले. त्या वाकल्या आणि रोटी माझ्या तळव्यांवर ठेवली. त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. "बर्फ आहेत गं तुझे हात," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मग माझ्या लक्षात आलं की बाकीचे वाढणारे रोटी वरून सोडतात. गरम असते, लोक खूप असतात, भराभर जावं लागतं, त्यामुळे वीतभर वरून रोटी हातात पडते. त्यात कोणाचा काही हेतू नसतो. फक्त जसवंत मॅडम प्रत्येकासमोर वाकत होत्या. गुडघे दुखायचे त्यांचे. तरी प्रत्येकाच्या हाताला त्यांची बोटं लागत होती.

नंतर ताटं घासताना मी विचारलं. मी सहसा विचारत नाही.

त्यांनी ताट घासायचं थांबवलं नाही. म्हणाल्या, "आम्ही शिकलगार. माझे वडील सायकलला सहाण लावून गावोगाव फिरायचे. विळे, कात्र्या, अडकित्ते. कुलुपं पण करायचे. सुट्टीत मी मागच्या कॅरियरवर. उन्हाचं कोणाच्या दारी पाणी मागितलं की बाई तांब्या घेऊन यायची, नि ओट्यावरून ओतायची. वडील खाली बसून ओंजळीनं प्यायचे. डोक्याला पगडी, हातात कडं, दाढी ही एवढी. अमृत घेऊन पक्का शीख झालेला माणूस, नि पाणी वरून. मग माझी पाळी. माझी ओंजळ लहान, अर्धं फ्रॉकवर सांडायचं."

"तुम्हाला राग यायचा?"

"राग कशाचा? मला वाटायचं पाणी असंच पितात. घरी आई पेला द्यायची तर मी खाली बसून ओंजळ धरायचे. आई बघतच राहिली एकदा. तिनं मला मारलं. मग पेला माझ्या हातात कोंबला."

नळाचं पाणी वाहत होतं. त्यांनी पुढचं ताट घेतलं.

"तुम्हा शिखांच्यात तर असलं काही नसतं ना," मी म्हणाले.

"आमच्यात?" त्या हसल्या. "भाचीला बघायला आले होते मागं. सगळं छान. चहा झाला, बर्फी झाली, मग मुलाची आई विचारते, कौर तो ठीक है, उसके पहले क्या? म्हणजे कौर लावायच्या आधी तुम्ही कोण होता. आमची भाची पण आगाऊ. म्हणाली, उसके पहले मैं पैदा नहीं हुई थी. उठले नि गेले." त्यांनी हाताने पाणी झटकलं. "औषध घरोघरी आहे गं. बाटलीचं बूच कोणी काढत नाही."

निघताना मला म्हणाल्या, "पुढल्या वेळी वाढायला ये. लाटणं तुला जमत नाही. एक ध्यानात ठेव, चेहऱ्याकडं बघायचं नाही. हाताकडं बघून वाढायचं. चेहरा बघितला की आपला हात बदलतो. ओळखीच्याला चांगली फुगलेली जाते, दुसऱ्याला जळकी."

वाढायला मी कधी गेले नाही.

ऑगस्टमध्ये सातवीला शिखांवरचा धडा आला. वहीत माझ्या अक्षरात तो तास पूर्ण आहे. मॅडमनी कडं दोनदा आपटलं आणि विचारलं, "तुम्हारे मोहल्ले की दीवार पर क्या लिखा रहता है?"

"यहाँ पेशाब करना मना है," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

"इसका मतलब?"

"मतलब करते हैं, टीचर."

"शाबाश. जहाँ कोई करता ही नहीं, वहाँ लिखेगा कौन?"

मग फळ्यावर मधोमध उभी रेघ. डाव्या बाजूला त्यांनी शिखांचे नियम लिहिले. सगळ्यांनी एका ओळीत जमिनीवर बसून जेवायचं. अमृत घेताना सगळ्यांनी एकाच भांड्यातून प्यायचं. बापजाद्यांचं आडनाव सोडायचं, पुरुषाने सिंह लावायचं, बाईने कौर. मोठ्या गुरुद्वाऱ्याला चारही दिशांना दारं. उजवी बाजू कोरी ठेवली आणि खडू मुलांकडे दिला. हे नियम ज्या काळात झाले तो काळ कसा होता, ते नियम वाचूनच ओळखायचं. मुलं एकेक करून उठली. उजव्या बाजूला लिहीत गेली. एकत्र जेवत नव्हते. दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावत नव्हते. आडनावावरून जात कळायची. काही लोकांना दारातून आत येऊ देत नव्हते.

"आणि शिखांच्या ग्रंथात कोणाची वचनं आहेत?" मॅडमनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं. एक विणकर, एक चांभार, एक न्हावी, एक खाटीक, आणि पार महाराष्ट्रातला एक शिंपी. हे नुसत्या गुरूंचं पुस्तक नाही. "अब उलटा पढ़ो."

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "इन लोगों को किताब छूने नहीं देते होंगे."

मॅडमनी ते वाक्य उजव्या बाजूला लिहिलं. आमचे गुरू किती थोर, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, गुरू आकाशातून पडले नाहीत. जे रोज आजूबाजूला दिसत होतं, त्याच्या उलट त्यांनी लिहिलं. औषध बघितलं की आजार कळतो.

मग एकाने विचारलं, "टीचर, अभी तो सब साथ में खाते हैं ना?"

मॅडम म्हणाल्या, "मुझे नहीं पता. घर जाकर देखो. तुम्हारे घर में किसका कप अलग है? किसी से पूछना नहीं, किसी को कुछ बोलना नहीं. सिर्फ देखो और लिखकर लाओ."

एवढंच. याहून एक शब्द जास्त नाही. माझ्या वहीत आहे.

मुलांनी लिहून आणलं. मुलं खरं लिहितात. आमच्याकडे प्लॅस्टिकचा मग आहे, बाल्कनीत. आमच्याकडे कामाच्या बेनला डिस्पोजेबल ग्लास देतात, मम्मी म्हणते ते हायजीन आहे. आमच्याकडे वेगळा नाही कारण चहाच देत नाहीत. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने लिहिलं होतं, आमच्या बाथरूम धुणाऱ्या बेनचा कप गॅलरीत खिळ्याला असतो, त्यावर सशाचं चित्र आहे, तो माझा लहानपणीचा कप आहे आणि मला तो फार आवडायचा. ती मुलगी शाळेच्या एका ट्रस्टींची नात होती.

त्या संध्याकाळी मीही घरी बघितलं. आमचा फ्लॅट डिंडोलीत आहे. आमच्या ओट्याखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी, कचरा न्यायला येणाऱ्या बाईंचा पेला उपडा ठेवलेला असतो. तो मी रोज बघत होते. त्या दिवशी उचलून बघितला. त्यावर बारीक टिंबांनी कोरलेलं होतं, 'चि. स्नेहल'. माझ्या बारशाला कोणीतरी दिलेला पेला. मी तो परत जागेवर ठेवला आणि मॅडमच्या वाक्याच्या खाली, त्याच पानावर, तेही वहीत लिहिलं. का लिहिलं माहीत नाही. गृहपाठ होता म्हणून असेल.

चार दिवसांनी तक्रार आली. तोपर्यंत ती बरीच वाढली होती. मॅडमनी मुलांना सांगितलं की तुमचे आईवडील पापी आहेत. मॅडमनी मुलांना सफाईवालीच्या कपातून प्यायला लावलं. मॅडम वर्गात स्वतःचा धर्म शिकवतात. प्रिन्सिपल सरांच्या खोलीत बैठक ठरली. ठरायचं एकच होतं, मॅडम उरलेले सात महिने वर्गात उभ्या राहणार की नाही. जाताना जिन्यात त्या माझ्यासाठी थांबल्या.

"वर्गात मोठं माणूस तू एकटी होतीस. जे ऐकलंस ते सांग. कमी नको, जास्त नको."

मी मान हलवली.

खोलीत प्रिन्सिपल सर होते, दोन पालक होते आणि ते ट्रस्टी. म्हातारे, पांढऱ्या कपड्यातले, आवाज मऊ. टेबलावर मुलांच्या वह्यांचा गठ्ठा होता. ट्रस्टींनी नातीची वही उघडून ससा असलेलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि वही मिटली.

"ए कप हुं सापुताराथी लाव्यो हतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "मेरी बच्ची दो दिन से मेरे साथ खाना नहीं खा रही. मैडम, आपने उससे क्या कहा?"

"देखने को कहा था," जसवंत मॅडम म्हणाल्या.

"बस?"

"बस."

एका पालकाने बाकीचं सगळं सांगितलं, पापी, सफाईवालीचा कप, धर्म. मॅडमनी मध्ये तोंड घातलं नाही. मग प्रिन्सिपल सर माझ्याकडे वळले. "पाटील मॅडम, आप क्लास में थीं. इन्होंने बच्चों से क्या कहा था, बेटा?"

वही माझ्या पर्समध्ये होती. पर्स मांडीवर होती आणि माझे दोन्ही हात पर्सच्या चेनवर होते. वही उघडली असती तर ते पान निघालं असतं. वर मॅडमचं वाक्य, खाली माझं. पप्पा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आपण इथे बाहेरचे, कोणाच्या भानगडीत पडायचं नाही. पण मला ते तेव्हा आठवलं नाही. मला फक्त तो पेला दिसत होता आणि ट्रस्टी तो मोठ्याने वाचत आहेत असं दिसत होतं.

"मैंने ठीक से सुना नहीं, सर," मी म्हणाले. "मैं पीछे कॉपियाँ चेक कर रही थी."

मी मॅडमकडे बघितलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या हातांकडे बघत होत्या.

मॅडमचे तास काढून घेतले. त्यांना लायब्ररीत बसवलं, जुन्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला. त्या कव्हरं घालत होत्या. कडा अगदी सरळ दुमडायच्या. मी रोज लायब्ररीवरून जायचे आणि रोज वाटायचं की आज त्या हाक मारतील, काहीतरी लागेल असं बोलतील. त्या रोज तेच म्हणायच्या, "डबा खाल्ला का?" मी म्हणायचे, "हो." त्या मान हलवायच्या. राग नव्हता त्यात. पूर्वीची मस्करीही नव्हती. मला रात्री झोप लागायची, जेवण जायचं. काही वाटायला पाहिजे होतं ते वाटत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी शाळा सोडली. निरोप समारंभ झाला नाही. फळीवर काही रिकामं झालं नाही, कारण त्यांचा हूकच नव्हता. आरतीबेन एकदा कप शोधताना "मारो कप" एवढं बोलून मध्येच थांबल्या. कप जागेवरच होता. त्याच आठवड्यात खिडकीच्या गजावरची तार मला मोकळी दिसली. रेवाबेननी चेपलेला कप घरी नेला होता. आता त्या स्वतःचा थर्मास आणतात आणि मागच्या जिन्यावर एकट्या बसतात. एकदा मी तिथून जात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थर्मासचं झाकण लावलं.

घरी मी तो पेला ओट्याखालून काढून आमच्या भांड्यांत ठेवला. आईने दुसऱ्या दिवशी परत खाली ठेवला. मी परत वर ठेवला. आम्ही दोघी यावर अजून एक शब्द बोललेलो नाही.

जानेवारीत एका रविवारी मी एकटीच गुरुद्वाऱ्यात गेले. वही पर्समध्ये होती. मॅडमना ते पान दाखवायचं, असं घरून निघताना ठरवलं होतं. डोक्यावर ओढणी घेतली आणि पंगतीत बसले. उजवीकडे टेम्पोचा ड्रायव्हर असावा असा एक माणूस, डावीकडे भारी साडीतली एक बाई. लांबून आवाज आला, कडं स्टीलच्या टोपलीला लागल्याचा. टक. मग जरा थांबून पुन्हा टक. मॅडम ओळीच्या त्या टोकाकडून येत होत्या. बारीक झाल्या होत्या. प्रत्येकासमोर वाकायच्या, सरळ व्हायच्या, एक पाऊल पुढे, पुन्हा वाकायच्या. सरळ व्हायला त्यांना वेळ लागत होता.

ड्रायव्हरपर्यंत आल्या. त्याच्या हातांवर रोटी ठेवली.

मी दोन्ही हात पुढे केले. हात थंड होते. त्या वाकल्या. त्यांच्या दुपट्ट्याची पिन मला दिसली, पांढरे झालेले केस दिसले. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. रोटी माझ्या तळव्यांवर आली, त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. ड्रायव्हरच्या हाताला लागली होती तेवढीच, त्याहून जास्त नाही, कमी नाही. रोटी फुगलेली नव्हती. जळकीही नव्हती. मी वर बघून त्यांच्या नजरेची वाट बघत राहिले.

टोपली पुढे सरकली. साडीतल्या बाईने एकच हात पुढे केला होता.

"दोन्ही," मॅडम म्हणाल्या.